कोथरूडचे तांडेल

कोथरूडहून समुद्र गाठायचा तर वाटेत सह्याद्री आडवा येतो आणि सव्वाशे-दीडशे किलोमीटर जातात. तरीही आमच्या सोसायटीच्या बी विंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, एक तांडेल राहतात. हे त्यांचं आडनाव नव्हे. बँकेच्या कर्जविभागात अठ्ठावीस वर्षं काढून ते निवृत्त झाले आणि पुढच्या सोमवारी त्यांनी जिन्यात मला गाठून विचारलं, "अहो, एकट्या माणसाला किती फुटी होडी पुरते?" दुसऱ्या दिवसापासून सोसायटीनं त्यांना तांडेल केलं. कोकणात तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. त्याच्या शब्दासरशी खलाशी शीड चढवतात, उतरवतात. आमच्या तांडेलांच्या शब्दावर फक्त वॉचमन हलतो, तोही दिवाळीच्या आसपास.

हा माणूस तुम्हीही पाहिलेला आहे. तुमच्याकडे त्याला होडीच्या जागी कॅमेरा घ्यायचा असेल, किंवा दुर्बीण, किंवा नुसती हायकिंगची सॅक. वस्तू घेणं हा त्याचा उद्देशच नसतो. वस्तू घेतली की माणूस गिऱ्हाईक होतो. घेणार असतो तोवर जाणकार असतो. तांडेलांनी तब्बल चौदा महिने जाणकारी केली, आणि त्या काळात बी विंगमधल्या कुत्र्यालासुद्धा उजवी-डावी न म्हणता स्टारबोर्ड-पोर्ट म्हणायची वेळ आली होती.

त्यांची अट एकच. "मला एकट्यानं जायचंय. शीड मीच ओढणार, सुकाणू मीच धरणार. सोबत कोणी नको." हे वाक्य ते कधीही चारपेक्षा कमी माणसांना सांगत नसत. एकांत हवा असलेल्या माणसाला इतका श्रोतृवर्ग लागतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. वहिनींना मात्र लग्नापासून माहीत असावं. त्या चहा आणून ठेवत आणि म्हणत, "एकट्यानंच जायचंय ना? मग जा की. सगळ्या बिल्डिंगला कशाला वल्ही मारायला बसवलंयत?"

पहिली पसंती ऑप्टिमिस्टला होती. ही पेटीसारखी चौकोनी होडी फ्लोरिडातल्या क्लार्क मिल्स नावाच्या माणसानं १९४७ साली आखली. लांबी २.३ मीटर, नुसत्या सांगाड्याचं वजन ३५ किलो. तांडेलांना हा ३५चा आकडा फार आवडला. एकट्या माणसानं होडी घ्यायची म्हणजे ती एकट्याला गाडीवरून उतरवता आली पाहिजे, वाळूवरून ओढता आली पाहिजे, हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. होडीवरची बरीचशी कसरत पाण्यात नसते, किनाऱ्यावर असते. फक्त ऑप्टिमिस्ट ही पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शर्यतींची होडी आहे, आणि आमचे तांडेल अठ्ठ्याऐंशी किलोंचे. मी तसं म्हटल्यावर ते म्हणाले, "कर्जाचा अर्ज न वाचता नामंजूर करत नाहीत. आधी प्रत्यक्ष पाहणी."

पाहणी पार्किंगमध्ये झाली. रविवारी सकाळी त्यांनी टेप लावून फरशीवर खडूनं २.३ मीटर लांब आणि १.१३ मीटर रुंद होडी काढली. पुढच्या बाजूला एक गोल, तो डोलकाठीचा. मागे प्लॅस्टिकचा स्टूल, तो मोटारीचा. मग पायजमा वर सरकवून ते त्या रेघांच्या आत बसले. गुडघे हनुवटीला लागले. वॉचमन जळमटं काढायचा लांब बांबू घेऊन उभा होता. तो शिडाचा बूम.

बूम म्हणजे शिडाची खालची कड ताणून धरणारा आडवा दांडा. वारा पाठीमागून येत असताना होडीचं तोंड जरा चुकलं की हा दांडा या बाजूचा त्या बाजूला सटकन जातो आणि वाटेत जे असेल ते झोडपतो. वाटेत बहुतेक वेळा डोकं असतं. तांडेलांना त्याचा सराव करायचा होता.

"वारा मागून आण," त्यांनी फर्मावलं.

"साहेब, मागं भिंत आहे."

"अरे, समज आहे. तू फक्त मी 'हां' म्हटलं की बांबू डावीकडून उजवीकडे ने."

वॉचमन विदर्भातला. त्यानं समुद्र पाहिलेला नव्हता, पण साहेब पाहिलेले होते. 'हां' म्हटल्यावर त्यानं बांबू नेला, तांडेल वाकले, बांबू गेला. दुसऱ्यांदा वाकले, गेला. तिसऱ्या वेळी ए विंगमधल्या एका गृहस्थांनी स्कूटरवरून विचारलं, "अहो, ती होडी जरा सरकवता का? मला गाडी लावायचीय," आणि तांडेलांनी "हां, हां" म्हणून मान वर केली.

टेंगूळ चार दिवस टिकलं. खडूची होडी आठवडाभर होती. लोक गाड्या लावताना ती चुकवून लावत. कशाला ते कोणालाच सांगता आलं नसतं.

त्यानंतर लेझर आली आणि गेली. चार मीटरच्या वर लांब, शीड सुमारे सात चौरस मीटर. तिला तांडेलांसारख्यांचं वजन झेपतं, पण वारा वाढला की पाय पट्ट्यात अडकवून बाकी सगळा माणूस होडीबाहेर टाकून तिला तोलून धरावं लागतं. तांडेलांच्या गुडघ्यांचा अहवाल फायलीत होताच. मग मिरर. ही १९६३मध्ये इंग्लंडमध्ये 'डेली मिरर' दैनिकानं लोकांसमोर आणलेली होडी. प्लायवुडचे तुकडे तांब्याच्या तारेनं गोधडीसारखे टाचायचे, शिवणीवर फायबरग्लासची पट्टी आणि राळ बसवायची, वर लाल शीड. अशा सत्तर हजारांहून जास्त होड्या बनल्या, त्यातल्या कित्येक लोकांनी आपापल्या गॅरेजमध्ये बनवल्या. "मीही बांधणार," तांडेल म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "आधी न्हाणीतल्या नळाचा वॉशर." मिरर तिथंच संपली.

फुगवायची रबरी होडी डिकीत मावते म्हणून पंधरा दिवस जोरात होती. पण ती पाण्यावर पापडासारखी तरंगते. शीड लावलं तरी वाऱ्याच्या दिशेनं आडवी घसरत जाते. "मग ती प्रवासी नाही, पार्सल आहे," असा शेरा मारून त्यांनी ती फाइल बंद केली.

मधल्या काळात त्यांच्या बोलण्यात काही माणसं नात्यातल्यासारखी येऊ लागली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे त्यातले थोरले. १९६८-६९मध्ये एकट्यानं, कुठंही न थांबता जगप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस. ३१२ दिवस लागले. त्याची ३२ फुटी 'सुहैली' मुंबईत बांधलेली, हे सांगताना तांडेलांचा आवाज माहेरच्या माणसाबद्दल बोलल्यासारखा होई. मग कमांडर दिलीप दोंदे. गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'वरून ऑगस्ट २००९मध्ये मुंबईहून निघून मे २०१०मध्ये मुंबईला परत. एकट्यानं शिडाच्या होडीतून पृथ्वीला फेरी मारणारे पहिले भारतीय. "आपलेच," तांडेल म्हणत, आणि तेवढ्यानं त्यांच्या स्वतःच्या वाटचालीतही दोन-तीन सागरी मैलांची भर पडे.

पण खरा जीव रॉबर्ट मॅन्रीवर. हा अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या एका वर्तमानपत्रात मजकूर तपासणारा संपादक. म्हणजे टेबलावर बसून दुसऱ्यांच्या चुका काढणारा, आमच्या तांडेलांचाच भाऊबंद. त्यानं १९६५मध्ये साडेतेरा फुटी जुन्या लाकडी होडीतून एकट्यानं अटलांटिक ओलांडला. ७८ दिवस. लाटांनी त्याला बाहेर फेकलं, तो कमरेच्या दोरीला धरून परत चढला. हे तांडेल सांगत तेव्हा मी एकदा विचारलं, की त्यानं होडी निवडायला किती महिने घेतले? त्यांनी मला त्या दिवशी चहा विचारला नाही.

होडीचं ठरेना, तोवर मोटार आली. शिडाच्या होडीला मोटार कशाला, हा माझा अडाणी प्रश्न. वारा पडला की खाडीतून परत कसं यायचं, हे त्याचं उत्तर. इथं तांडेलांमधला कर्जअधिकारी पूर्ण जागा झाला. त्यांनी मला कागदावर हिशेब करून दाखवला आणि तो मला आजही पाठ आहे. पाणी कापत जाणाऱ्या होडीचा वेग तिच्या लांबीला बांधलेला असतो: पाण्याला टेकलेल्या लांबीचं फुटांमधलं वर्गमूळ काढायचं, त्याला १.३४नं गुणायचं, की नॉट मिळतात. नऊ फूट असेल तर वर्गमूळ तीन, म्हणजे जेमतेम चार नॉट. ताशी साडेसात किलोमीटर. होडी स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. मोठी मोटार लावली तरी ती वेगात जात नाही, फक्त मागून खाली बसते आणि नाक वर करते. त्यात एकटा माणूस मोटार चालवायला मागेच बसणार. म्हणजे माणूस, मोटार, पेट्रोल सगळं एका टोकाला. "कर्जबुडव्यासारखं. सगळा भार एकाच खात्यात," तांडेल म्हणाले. म्हणून दोन-अडीच हॉर्सपॉवर पुष्कळ, आणि मोटार वळवायच्या दांड्याला नळीचा तुकडा जोडून आपण मध्यावर बसायचं. मला हे अगदी पटलं. त्यांचं जे जे कागदावर असे ते मला नेहमीच पटे.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, यावर पावसाळा गेला. टू-स्ट्रोक हलकी, पण पेट्रोलमध्ये ऑइल मोजून मिसळा आणि धूर खा. फोर-स्ट्रोक स्वच्छ, पण जड, आणि तिला कशीही आडवी ठेवता येत नाही; एका ठरावीक कुशीवरच निजवावी लागते, नाहीतर खालचं ऑइल नको तिथं जातं. "अगदी आमच्या सासूबाईंसारखी," तांडेल म्हणाले. वहिनी आत होत्या, असं त्यांना वाटलं होतं.

शेवटी एका ओळखीच्याच्या ओळखीच्याकडून फोर-स्ट्रोक, अडीच हॉर्सपॉवरची, वापरलेली मोटार घेतली गेली. घेतली गेली म्हणतो, कारण तांडेलांना ती घ्यायची नव्हती. फक्त पाहायची होती. चौदा महिन्यांची जाणकारी अर्ध्या तासात संपली. दुसऱ्या दिवशी त्यांचा चेहरा मी पाहिला. तेहतीस कोटी देव पाहून आलेला माणूस गाभाऱ्यातून बाहेर पडताना चपला शोधतो, तसा.

मोटारीची चाचणी गच्चीवर, निळ्या पिंपात. बाहेर लावायच्या मोटारीला थंड राहायला पाणी लागतं. आत रबराचा एक पंखा असतो, तो पाणी ओढतो आणि मागच्या भोकातून बारीक धार बाहेर टाकतो. कोरडी चालवली तर पंखा पाहता पाहता जळतो. धार दिसतेय तोवर सगळं ठीक. त्यामुळे मोटार सुरू झाल्यावर गच्चीवर जमलेले आम्ही सगळे, त्यातले बहुतेक साठीच्या पुढचे, खाली वाकून त्या धारेकडे पाहत होतो.

"बारीक आहे," एकजण काळजीनं म्हणाले.

"पण अखंड आहे," दुसरे म्हणाले. त्यांच्या आवाजात हेवा होता.

"मध्ये थांबली की लगेच दाखवायचं हं," तिसऱ्यांनी सल्ला दिला. तो मोटारीला होता की कोणाला, हे विचारायचं धाडस झालं नाही.

दरम्यान गोव्यात एका माणसाच्या अंगणात पडून असलेली, डोलकाठीसकट दहा फुटी फायबरची होडी मिळाली. आणि मोजमाप जुळवताना लक्षात आलं, की होडीच्या मागच्या फळीची उंची पंधरा इंचांच्या दांड्याची, आणि मोटार आहे लांब दांड्याची, वीस इंची. होडी न ठरवता मोटार घेतली की हे होतं. कुंडली न पाहता हॉल बुक करावा तसं. बाहेरचा पंखा पाण्यात पाच इंच जादा खाली लोंबणार. यावर उपाय म्हणजे फळीवर लाकूड बसवून तिची उंची वाढवायची. सुताराला दाखवलं. तो म्हणाला, सागवानाचा जाड तुकडा हवा, पाण्याला टिकणारा. तांडेलांची नजर स्वयंपाकघराच्या दारामागे गेली. तिथं वहिनींच्या आईनं दिलेला सागवानी पाट उभा होता, पितळी फुल्यांचा.

वहिनी त्या दिवशी भिशीला गेल्या होत्या. एवढंच सांगतो.

देवबागला आम्ही डिसेंबरात गेलो. तिथं कर्ली नदी समुद्राला मिळते. पाणी निवांत, वाळू मऊ, आणि गोव्याहून होडी टेम्पोनं आणायला सोयीचं. एकट्यानं जायचं असल्यामुळे आम्ही सहाजण होतो: तांडेल, वहिनी, मी, त्यांचा भाचा, भाच्याचा मित्र (त्याला गाठी मारता येत होत्या), आणि टेम्पोवाला, जो निघायलाच तयार नव्हता. पुण्याहून मोटार भाच्यानं डिकीत नको त्या कुशीवर निजवून आणली होती. सुरू केल्यावर तिनं असा निळा धूर सोडला, की पलीकडच्या माडांतून कोणीतरी आंब्याला फवारा मारताहेत का म्हणून पाहायला आलं. आलेले गृहस्थ रापणकर होते. लांब जाळं टाकून किनाऱ्यावरून ओढतात त्यांतले. सत्तरीचे, अंगावर बनियन आणि लुंगी, आणि मला तरी वाटलं, पाहिल्याबरोबर खरे तांडेल वाटणारे.

ते आधी मोटारीकडे, मग मागच्या फळीकडे बघत राहिले. पितळी फुली उन्हात चमकत होती.

"ह्यो जेवूचो पाट मां?" त्यांनी विचारलं.

वहिनींनी त्या वेळी पहिल्यांदा पाट तिथं पाहिला. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला आणि सरळ खुर्चीवर जाऊन बसल्या. मी वीस वर्षं शेजारी राहतो. हे न बोलणं मला परतीच्या साडेतीनशे किलोमीटरांत ऐकायला लागणार, हे मला कळलं.

"तुमी एकटेच जातलास?" रापणकरांनी विचारलं.

"हो. एकट्यानंच," तांडेल म्हणाले.

त्यांनी आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली. "मगे इतकी माणसां कित्याक?"

चौदा महिन्यांत हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाही इतक्या कमी शब्दांत जमला नव्हता. तांडेलांनी सुरक्षा जॅकेट घातलं, मोटारीची लाल दोरी मनगटाला अडकवली. माणूस पाण्यात पडला की ही दोरी ओढली जाते आणि मोटार बंद पडते. नाहीतर होडी निघून जाते आणि आपण मागे हात हलवत राहतो. सकाळचा मतलई वारा संपत आला होता, खारा वारा अजून सुरू व्हायचा होता. म्हणजे शिडाला काहीच काम नव्हतं. ज्यासाठी सगळं केलं ते शीड गुंडाळूनच राहिलं आणि तांडेल मोटारीवर निघाले. नळीचा तुकडा धरून, बरोब्बर मध्यावर बसून, पाठ ताठ. मी खोटं बोलणार नाही, त्यांचं ते जाणं बघताना माझाही गळा दाटून आला.

"सुकती लागली हा," रापणकर पुटपुटले. "पुळणीर बसतलो."

दीडेकशे मीटरवर होडी थबकली. वीस इंची दांडा वाळूला लागला. तांडेल काय झालं ते बघायला पुढे झुकले, मनगटाची दोरी ताणली गेली, आणि मोटार बंद पडली. दोरीनं आपलं काम चोख केलं. माणूस पडला नव्हता, पण पडणाऱ्यासारखा हलला होता. ओहोटीचं पाणी बघता बघता उतरलं आणि होडी वाळूच्या दांड्यावर अशी बसली, जशी फरशीवर काढलेली.

भाचा धावणार होता. रापणकरांनी त्याला थांबवलं. "बसांदे. भरती इली की उठतली."

मग माझा फोन वाजला. तांडेलांनी आपला वॉटरप्रूफ पिशवीत गळ्यात अडकवला होता.

"अहो, ऐकताय ना? इथं इतकं शांत आहे म्हणून सांगू. माणूस नाही, काही नाही."

आम्ही हाका मारता येतील इतक्या जवळ होतो. त्यांनी मला बगळा दाखवला. मला तो इकडून दिसतच होता. त्यानंतर भाच्याला फोन केला, मग बी विंगच्या सेक्रेटरींना, मग बँकेतल्या जुन्या साहेबांना. शेवटी वहिनींना. त्यांनी उचलला नाही; नुसता हात वर केला आणि खुर्ची माडाच्या सावलीत सरकवली. भरती लागायला बराच वेळ होता. तेवढ्यात रापणकरांच्या घरून आम्हाला चहा आला आणि बांगड्याचं तिखलं खाऊनच जा, असा निरोपही. दांड्यावरून तांडेलांनी फोनवर विचारलं, माझ्यासाठी ठेवताय ना?

होडी तिथंच माडांत पालथी आहे. मोटार पुण्यात परत आली, या वेळी बरोबर कुशीवर. पाटही परत आला. वहिनींनी तो तीन दिवस उन्हात ठेवला, तेल लावलं, आणि भाद्रपदात त्यावर गणपती बसवला. आरतीला आम्ही सगळे होतो. मोटारीच्या शिकंज्याच्या दोन स्क्रूंनी पाटावर दोन गोल खुणा पाडल्या आहेत, रुपयाएवढ्या. वहिनींनी त्यांवर रांगोळीची दोन कमळं काढली होती.

नमस्काराला तांडेल वाकले ते बराच वेळ वाकलेलेच राहिले. मला वाटलं, मन भरून आलं असेल. मग पाहिलं, तर अंगठा आणि तर्जनी ताणून ते एका कमळापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर मोजत होते.

"इलेक्ट्रिक मोटारीचे स्क्रू जरा जवळ असतात म्हणे," ते उठता उठता माझ्या कानात म्हणाले. "आवाज नाही, धूर नाही. कशीही निजवा."

वहिनींनी मोदकांचं ताट उचललं आणि बरोबर त्या दोन कमळांवर ठेवलं.